‘डॉक्टर असूनही…’ : एका शब्दाची चिकित्सा

मिरकरवाड्यातील एका सत्कार समारंभाला मध्यंतरी आम्ही गेलो होतो. दिवस मासेमारी बंदीचे होते. बोटी किनाऱ्याला लागलेल्या, जाळी दुरुस्तीला काढलेली; त्यामुळे एरवी बंदरावर असणारी तांडेल-खलाशी मंडळीही सभागृहात आली होती. दहावी-बारावीच्या मुलामुलींना बक्षिसे द्यायची होती आणि प्रमुख पाहुणे होते एक डॉक्टर. सूत्रसंचालकाने त्यांची ओळख करून देताना सांगितले, “डॉक्टर असूनही ते शायरी करतात.” टाळ्यांचा कडकडाट झाला. डॉक्टरसाहेबांनी दोन शेर म्हटले, पुन्हा टाळ्या झाल्या. शेर बरे होते की वाईट, याचा विचार कोणी केला नाही. आम्हीही केला नाही, हे कबूल केले पाहिजे.

समारंभानंतर बक्षीस मिळालेल्या एका मुलीच्या घरी चहाला जाणे झाले. तिने संकोचत एक वही दाखवली. वहीत भरतीच्या वेळांचे तक्ते होते. तिथीची पाऊणपट करावी, तेवढ्या वाजण्याच्या सुमारास पूर्ण भरती येते, असा आपल्या कोकण किनाऱ्यावर जुना हिशेब आहे. त्या घरातले आजोबा तिथीऐवजी चांदची तारीख धरून हाच हिशेब करतात. नातीने तो तपासायला घेतला होता. तिचे म्हणणे असे, की अमावास्येला आणि पौर्णिमेला भरती घड्याळाच्या जवळजवळ एकाच वेळेला येते. म्हणजे १५ तिथींत भरतीची वेळ १२ तास सरकते आणि एका तिथीला ४८ मिनिटे पडतात. पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटे. तेव्हा आजोबांच्या हिशेबात पंधरवड्याला पाऊण तासाची चूक साचते. ‘पाऊणपट’ नव्हे, ‘चार पंचमांश पट’ म्हणायला हवे. आजोबा हसून म्हणाले, “आमचं काम तेवढ्यात भागतं.” आई म्हणाली, “आता ही वही बंद. आधी नीट, मग डॉक्टर. नंतर काय ते कर.”

समारंभातला ‘असूनही’ आणि त्या आईचा ‘नंतर’ या दोन शब्दांनी आम्हांला हा लेख लिहायला भाग पाडले. दोहोंमागे समजूत एकच आहे. वैद्यक हे खरे काम. कला, विज्ञान, गणित हे वरकड. ज्याला वरकड जमले त्याचे कौतुक, ज्याला अजून खरे काम जमलेले नाही त्याला वरकडाची बंदी. ही समजूत आपल्या समाजात फार खोल गेली आहे. तिने डॉक्टरांचेही नुकसान केले आहे आणि आपल्या साहित्याचेही, असे आमचे मत आहे.

‘असूनही’ म्हटले की आपण नकळत दोन गोष्टी गृहीत धरतो. एक, डॉक्टर हा मुळात रुक्ष माणूस असणार. दोन, त्याच्या कवितेला कवितेच्या कसोट्या लावायच्या नाहीत; केली हेच पुष्कळ. पहिल्या गृहीताने वैद्यकाचा अपमान होतो, दुसऱ्याने कवितेचा. समीक्षेने विचारायचा प्रश्न वेगळा आहे. दवाखान्याने या माणसाच्या कलाकृतीला काय दिले? आणि कलाकृतीने दवाखान्याला काय दिले? या प्रश्नाला उत्तर नसेल, तर ते दोन छंद एका माणसाच्या ठिकाणी योगायोगाने आले, एवढेच म्हणता येईल. उत्तर असेल, तर मात्र ‘असूनही’ खोडून ‘म्हणूनच’ लिहावे लागेल.

आपली भाषा याबाबतीत आपल्यापेक्षा शहाणी आहे. मराठीत ‘चिकित्सा’ म्हणजे रोगावरचा उपचार, आणि ‘चिकित्सा’ म्हणजे एखाद्या विचाराची, ग्रंथाची कसून तपासणी. ‘चिकित्सक’ हा वैद्यही असतो आणि सहजासहजी पटवून न घेणारा वाचकही. दुसरीकडे, ‘हकीम’ या शब्दाचा अर्थ मुळात शहाणा, ज्ञानी माणूस. त्याची विद्या ती हिकमत. मराठीने हा शब्द घेतला आणि ‘हिकमती माणूस’ म्हणजे युक्ती काढणारा असा त्याला घरगुती अर्थ दिला. संस्कृत आणि अरबी अशा दोन वेगळ्या मुळांतून आलेले हे शब्द एकच गोष्ट सांगतात. रोग ओळखणे आणि सत्य ओळखणे ही एकाच बुद्धीची कामे आहेत. मराठी मुसलमानाला हे दोन्ही शब्द वारशात मिळालेले आहेत. तरीही आपण ‘असूनही’ म्हणतो.

वारशाचा विषय निघाला म्हणजे आपल्या व्यासपीठांवर इब्ने सीनाचे नाव हमखास निघते. बुखाऱ्याजवळ ९८० साली जन्मलेल्या आणि १०३७ साली हमदानला वारलेल्या या तबीबाने ‘अल-कानून’ लिहिले, युरोपने ते शेकडो वर्षे वाचले, असे वक्ता सांगतो. श्रोते माना डोलावतात. पण त्याने वैद्यकाचे सार हजारावर ओळींच्या पद्यात बांधले होते, आणि त्याच्या ‘अश-शिफा’ या ग्रंथाच्या नावात शफा असली तरी तो वैद्यकाचा ग्रंथ नसून तर्क, निसर्गविज्ञान, गणित आणि तत्त्वज्ञानाचा आहे, हे कोणी सांगत नाही. आपल्याला इब्ने सीनाचे नाव हवे असते, त्याची सवय नको असते.

ही सवय त्याच्या एकट्याची नव्हती. बाराव्या शतकातला अस-समवअल हा बगदादी तबीब. यहुदी घरात जन्मला, पुढे इस्लाम स्वीकारला. बीजगणितावरचा त्याचा ‘अल-बाहिर’ हा ग्रंथ त्याने १९व्या वर्षी लिहिला असे सांगितले जाते. कुतुबुद्दीन शिराझी (१२३६-१३११) वडिलांच्या पश्चात वयाच्या १४व्या वर्षी शिराझच्या दवाखान्यात कामाला लागला. पुढे तो मराग्याच्या वेधशाळेत गेला, ग्रहगती मांडल्या, ‘कानून’वर भाष्य लिहिले. त्याच्याच शिष्याने, कमालुद्दीन फारसीने, इंद्रधनुष्य कसे तयार होते याचा उलगडा केला. त्याहून आधीचा अर-राझी. त्याने रुग्णांच्या हकिकती टिपून ठेवल्या होत्या. माणूस कोण, त्रास काय, आपण काय समजलो, कुठे चुकलो, पुढे काय झाले, हे सारे त्यांत आहे. त्याच्या मृत्यूनंतर शिष्यांनी त्याच्या टिपणांतून ‘अल-हावी’ हा प्रचंड ग्रंथ सिद्ध केला. हिंदुस्थानात पाहिले तर दिल्लीचा मोमिन (१८००-१८५२) हकीम घराण्यातला होता. हकीम अजमल खान (१८६८-१९२७) ‘शैदा’ या तखल्लुसाने शायरी करीत. त्यांच्या काळात कोणी ‘हकीम असूनही’ म्हटले असते, तर ऐकणाऱ्याला त्या वाक्याचा अर्थच लागला नसता.

पण दूरच्या आणि जुन्या नावांवर किती दिवस जगायचे? आपल्या मातीतले उदाहरण घेऊ. गोव्यातील मांद्रे गावी गरिबीत जन्मलेले भाऊ दाजी लाड मुंबईला आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजातून १८५१ साली बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत डॉक्टर झाले. गरिबांना त्यांनी मोफत औषधे दिली. कुष्ठरोगावर कडू कवठाच्या जातीच्या बियांच्या तेलाचे प्रयोग केले. आणि याच माणसाने अजिंठ्याचे शिलालेख वाचले, नाणी जमवली, जुन्या पोथ्या शोधल्या. १८६५ साली लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचा एक निबंध आला. आर्यभट, वराहमिहिर, ब्रह्मगुप्त, भटोत्पल आणि भास्कराचार्य या गणिती-ज्योतिषांचा काळ कोणता आणि त्यांच्या नावावरचे ग्रंथ खरोखर त्यांचेच आहेत का, हा त्याचा विषय.

हा विषय नीट पाहिला म्हणजे ‘म्हणूनच’ कसे लागू पडते ते कळते. आर्यभट नावाचे दोघे होऊन गेले. एकाच्या नावावरचा ग्रंथ दुसऱ्याचा समजला जात होता. दोन रोगांची लक्षणे सारखी दिसतात. कोणता कोणता, हे ठरवायला वैद्य एकेक खूण तपासतो, न जुळणारी बाजूला सारतो आणि मग निदान करतो. भाऊ दाजींनी पोथीच्या बाबतीत तेच केले. ग्रंथ हाती घेतला, आतल्या खुणा तपासल्या, इतरांनी दिलेले उतारे त्यात सापडतात का ते पाहिले आणि खरा आर्यभट वेगळा काढला. १८७४ साली ते वारले. मुंबईच्या राणीच्या बागेतल्या संग्रहालयाला १९७५ साली त्यांचे नाव दिले गेले. त्या संग्रहालयात आपल्या मुलांना आपण नेतो. पण हा माणूस डॉक्टर होता, हे किती जण सांगतो?

यानंतर मराठीत डॉक्टर-कलावंतांची जी मोठी पिढी आली तिचा एक उगम पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजात आहे. डॉ. श्रीराम लागू, डॉ. जब्बार पटेल, डॉ. मोहन आगाशे आणि डॉ. अनिल अवचट हे चौघेही तिथले. चौघांनी चार वाटा धरल्या, म्हणून त्यांची तुलना उपयोगी पडते. लागू कान-नाक-घशाचे सर्जन. पुण्यात आणि आफ्रिकेत टांझानियातील टबोरा येथे त्यांनी काम केले आणि १९६९ साली व्यवसाय सोडून ते पूर्ण वेळ नट झाले. अवचटांनी पदवी घेऊन दवाखाना जवळजवळ उघडलाच नाही. ते लेखणीकडे वळले. आगाशे मानसोपचाराचे प्राध्यापक राहून नट झाले. आणि जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ म्हणून दौंडसारख्या रेल्वे जंक्शनच्या गावी दवाखाना चालवीत राहिले, पुण्याला येऊन नाटके बसवीत राहिले, चित्रपट काढीत राहिले. दौंडच्या दवाखान्यात त्यांच्या डॉक्टर पत्नीचाही तितकाच वाटा होता, हे विसरता कामा नये. अशा जोडकामाच्या मागे घरातल्या कोणाचे तरी न दिसणारे काम असते आणि ते बहुधा बाईचे असते.

आपल्या वाचकांना जब्बार पटेलांबद्दल विशेष आस्था आहे आणि थोडी तक्रारही आहे. म्हणून त्यांच्याकडे जरा थांबून पाहू. १९४२ साली पंढरपूरला जन्म, शालेय शिक्षण सोलापुरात. १९७२ साली तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ त्यांनी बसवले. नाना फडणवीसांचे काम आगाशेंनी केले. नाटकावर वादळ उठले, संस्थेने प्रयोग थांबवले, तेव्हा या मंडळींनी १९७३ साली थिएटर अकॅडमी काढली आणि पुढे १९८० साली नाटक युरोपात नेले. ‘सामना’ १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत होता. मग ‘जैत रे जैत’ (१९७७), ‘सिंहासन’ (१९७९), ‘उंबरठा’ (१९८२), ‘मुक्ता’ (१९९४) आणि २००० साली पडद्यावर आलेला ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’. २०२४ साली पिंपरी-चिंचवडला झालेल्या शंभराव्या नाट्यसंमेलनाचे ते अध्यक्ष होते.

या कामावर पुष्कळ लिहिले गेले आहे. राजकीय चित्रपट, समांतर चित्रपट, संगीताचा वापर वगैरे. त्यांच्या बालरोगतज्ज्ञ असण्याचा उल्लेख मात्र परिचयापुरता येतो आणि तोही ‘असूनही’च्या सुरात. आम्हांला वाटते, त्यांच्या चित्रपटांची एक किल्ली तिथेच आहे. मुलांच्या डॉक्टरपुढे येणारा रुग्ण बोलू शकत नाही. कुठे दुखते ते सांगत नाही. आई सांगते, आजी सांगते, शेजारीण सांगते. प्रत्येकीची हकिकत वेगळी. डॉक्टरने सगळ्यांचे ऐकायचे, पण पाहायचे मुलाकडे.

आता ‘सामना’ आठवून पाहा. मारुती कांबळे नावाच्या माणसाचे काय झाले, हा प्रश्न सबंध चित्रपट व्यापून राहतो. तो माणूस स्वतः बोलायला हजर नाही. साखर कारखान्याचा धनी असलेला हिंदुराव एक सांगतो, गाव दुसरे सांगते, बरेच जण गप्प राहतात. दारूच्या आहारी गेलेला म्हातारा मास्तर तेवढा प्रश्न सोडत नाही. ‘जैत रे जैत’मध्ये ठाकर आहेत, ज्यांच्या वतीने नेहमी दुसरेच बोलत आले. ‘उंबरठा’त महिलाश्रमातल्या बायका आहेत, ज्यांची हकिकत संस्थेच्या कागदांत एक आणि त्यांच्या डोळ्यांत दुसरी आहे. ‘सिंहासन’मधला पत्रकार दिगू टिपणीस सगळ्यांच्या दारी जातो, सगळ्यांचे ऐकतो, रोग त्याला कळतो, उपचार त्याच्या हाती नाही आणि अखेरीस त्याचे भानच हरपते. ज्याला बोलता येत नाही त्याची हकिकत इतरांच्या तोंडून गोळा करायची आणि नजर त्याच्यावरच ठेवायची, ही पद्धत या चित्रपटांत पुन्हा पुन्हा येते. उपचाराची चिठ्ठी शेवटी हातात पडत नाही. प्रेक्षक निदान घेऊन घरी जातो.

यावर एक आक्षेप रास्त आहे. या कथा पटेलांच्या नाहीत. ‘सामना’ तेंडुलकरांनी लिहिला; ‘जैत रे जैत’ गो. नी. दांडेकरांच्या, ‘सिंहासन’ अरुण साधूंच्या, ‘उंबरठा’ शांता निसळ यांच्या कादंबरीवरून आला. मग श्रेय दवाखान्याला कसे? आमचे उत्तर असे, की दिग्दर्शकाची ओळख निवडीतून होते. कथा पुष्कळ होत्या. त्यांतून या उचलल्या गेल्या आणि या पद्धतीने मांडल्या गेल्या. तरीही हे आमचे वाचन आहे, निर्णायक पुरावा नव्हे. ‘मुक्ता’ला ही किल्ली नीट लागत नाही. तिथे बोलू न शकणारे कोणी नाही. उलट सगळेच फार बोलतात आणि म्हणूनच तो चित्रपट आम्हांला इतरांच्या मानाने सैल वाटतो.

आता तक्रारीकडे वळू. ‘त्यांनी आपल्यासाठी काय केले?’ हा प्रश्न आपल्या बैठकांतून अनेकदा निघतो. त्यांच्या गाजलेल्या चित्रपटांच्या केंद्रस्थानी मुसलमान नाही, हे खरे. पण डॉक्टरला आपण हा प्रश्न विचारतो का? दौंडच्या दवाखान्यात आपल्या जमातीची मुले किती तपासली, असे विचारणे आपल्यालाच लाजिरवाणे वाटेल. मग कलावंताला का विचारावे? ठाकर, दलित, टाकलेली बाई, गावाने गिळलेला कांबळे यांच्याकडे एका मराठी मुसलमान डॉक्टरने सलग पंचवीस वर्षे पाहिले, हा आपल्यासाठीच केलेला उद्योग आहे. मराठी समाजाच्या दुखण्यावर बोट ठेवण्याचा आपल्यालाही हक्क आहे, हे त्याने परवानगी न मागता दाखवून दिले. उणीव जाणवते ती आम्ही नाकारत नाही. मात्र ती भरून काढणे ही त्यांची थकबाकी नव्हे. ते आपले काम आहे.

आणि इथे अवचटांचे उदाहरण आपल्याला टोचायला हवे. ‘हमीद’ हे पुस्तक १९७७ साली निघाले. आपल्याच जिल्ह्यातल्या, चिपळूणजवळच्या मिरजोळीच्या हमीद दलवाईंवरचे. दलवाईंच्या मतांशी आपले वाचक सहमत असोत वा नसोत. आमच्यातही त्याबद्दल एकमत नाही. पण मूत्रपिंडाच्या आजाराने त्याच वर्षी गेलेल्या कोकणी मुसलमान माणसाबद्दल एका डॉक्टर झालेल्या हिंदू मित्राने लिहावे आणि आपल्यातल्या डॉक्टरांपैकी कोणाला आपल्या माणसांबद्दल, मग ती कोणत्याही मताची असोत, असे जवळून लिहावेसे वाटू नये, याचा विचार व्हायला हवा.

मराठीत डॉक्टरांचे लेखन कमी नाही. डॉ. अरुण लिमये यांच्या ‘क्लोरोफॉर्म’ने आपल्याच व्यवसायावर शस्त्र चालवले. लागूंचे ‘लमाण’ आहे. मुस्लिम मराठी साहित्याची चळवळ १९९० सालच्या सोलापूरच्या पहिल्या संमेलनापासून धरली तरी साडेतीन दशकांची झाली. या काळात आपल्यात शिक्षक लिहू लागले, कामगार लिहू लागले, बायका लिहू लागल्या. डॉक्टरही लिहितात, पण बहुतेक काय लिहितात? आईवडिलांच्या कष्टांचे ऋण, हज-उमऱ्याचे अनुभव, आणि गझल. गझलेत साकी असतो, मैखाना असतो, बेवफाई असते. सकाळी ओपीडीत येऊन गेलेला खलाशी नसतो.

तो कसा असतो, हे मिरकरवाड्यातल्या कोणत्याही डॉक्टरला ठाऊक आहे. जाळे ओढून खांदे निखळल्यासारखे झालेले. पाणी, मीठ आणि दोर यांनी बोटांना पडलेल्या भेगा. मासळी सोलणाऱ्या, निवडणाऱ्या बायका दिवसभर ओल्यात बसतात आणि दुखणे सांगायला वेळ नाही म्हणून आठवडे काढतात. आखातातून आलेल्या पैशावर उभ्या घरात औषधे वेळेवर येतात, पण विचारपूस फोनवर होते. सासूच्या देखत सून एक सांगते आणि सासू बाहेर गेल्यावर दुसरे. आपल्या समाजाची जेवढी खरी हकिकत आपल्या डॉक्टरांच्या, विशेषतः डॉक्टर भगिनींच्या कानावर पडते, तेवढी कोणत्याही कादंबरीकाराच्या पडत नाही. ती केसपेपरवर चार इंग्रजी शब्दांत बंद होते. अर-राझीचे आपण वारस म्हणवतो. त्याची वही मात्र आपल्यात कोणी ठेवत नाही.

यावर डॉक्टर मंडळी दोन अडचणी सांगतील आणि दोन्ही खऱ्या आहेत. पहिली वेळेची. दारात रुग्ण बसला असता कवितेला बसणे हा गुन्हाच. रुग्णाचा हक्क पहिला, यात वाद नाही. लागूंनी एक सोडून दुसरे धरले, तोही प्रामाणिक मार्ग होता. पण सगळे रुग्ण तपासून झाल्यावर उरणारा अर्धा तास कशासाठी, हा प्रश्न शिल्लक राहतो. चेखव्ह डॉक्टर होता. १८९० साली तो सखालीन बेटावर गेला आणि तिथल्या कैद्यांची व रहिवाशांची सुमारे दहा हजार टिपणपत्रे त्याने भरली. ते काम डॉक्टरचे की लेखकाचे, हे आज कोणी सांगू शकणार नाही.

दुसरी अडचण गोपनीयतेची आणि ती जास्त बिकट आहे. मोठ्या शहरात नाव बदलले की भागते. मिरकरवाड्यात नाव बदलले, बोट बदलली, तरी लोक तिसऱ्या ओळीला माणूस ओळखतील. विश्वासाने सांगितलेली गोष्ट चव्हाट्यावर आली, तर पुढची बाई दवाखान्यात बोलणार नाही. म्हणून डॉक्टरने रुग्णांच्या गोष्टी छापाव्यात, असे आम्ही म्हणतच नाही. ‘सामना’ने वाट दाखवली आहे. प्रसंग कल्पित असू दे, पाहण्याची पद्धत खरी असू दे. दवाखान्याने शिकवलेली नजर उचलायची, दवाखान्यातली माणसे नव्हे. ‘क्लोरोफॉर्म’चा रोख व्यवसायावर होता, तीही एक वाट आहे. आणि भाऊ दाजींनी तर नजर पार पोथ्यांकडे वळवली. ज्याला माणसांबद्दल लिहायची धास्ती वाटते, त्याला भरती-ओहोटी आहे, बंदराचा इतिहास आहे, आपल्या बोलीतले रोगांचे आणि वनस्पतींचे शब्द आहेत.

दोष एकट्या डॉक्टरांचाही नाही. आमच्यासारखे समीक्षक आणि असे वार्षिकांक यांचाही आहे. डॉक्टरची गझल आली की आम्ही नावाआधीची पदवी पाहून छापतो. शिक्षकाच्या गझलेतले वृत्त तपासतो, डॉक्टरच्या गझलेला सूट देतो. चुकीचे औषध दिले तर डॉक्टरला जाब विचारणारा समाज त्याच्या चुकीच्या शेराला टाळ्या देतो. खरा आदर तपासण्यात आहे. ज्या दिवशी आम्ही एखाद्या डॉक्टर-कवीला ‘ही कविता अजून झालेली नाही’ असे आदराने कळवू, त्या दिवशी ‘असूनही’ची खोड मोडायला सुरुवात होईल.

रत्नागिरीत २०२३ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. आपल्या मुलांना डॉक्टर होण्यासाठी आता दरवेळी पुण्या-मुंबईची वाट धरायला नको. मिरकरवाडा, राजिवडा, भाट्ये इथली मुले तिथे जावीत, ही आमचीही दुआ आहे. बी. जे.त त्या काळी नाटकाच्या तालमी होत होत्या, म्हणून महाराष्ट्राला ते चौघे मिळाले. आपल्या मुलांच्या वह्या आपण दारातच ठेवून घेतल्या, तर इथून डॉक्टर बाहेर पडतील, हकीम पडणार नाहीत.

त्या मुलीच्या आईची काळजी आम्हांला समजते. खलाशाच्या घरात डॉक्टर होणे म्हणजे दोन पिढ्यांची दगदग संपणे. तिच्या ‘नंतर’मागे लबाडी नाही, भीती आहे. तिला आम्ही तेव्हा काही बोललो नाही, इथे सांगतो. आजोबांचा हिशेब तपासताना तुमच्या मुलीने जे केले, तेच तिला उद्या रुग्णापुढे करायचे आहे. वडीलधाऱ्यांनी सांगितलेले आदराने ऐकायचे, रोज स्वतः मोजायचे, फरक दिसला तर तो कुठून येतो ते शोधायचे आणि न घाबरता सांगायचे. तापाचा तक्ता आणि भरतीचा तक्ता यांत फार अंतर नाही. वही बंद करू नका. अभ्यासाच्या पुस्तकांशेजारी ती राहू द्या.